मालमत्ता कायदा आणि प्राणिसंरक्षण कायदा: अध्यापनाची वाट कशी आखावी

प्राण्यांविषयी मनापासून आस्था असलेले आणि कायद्याच्या अध्यापनात उतरू पाहणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: प्राणिसंरक्षण कायदा हाच आपला विषय म्हणून आयुष्यभर शिकवता येईल का? येईल, पण त्या एकाच विषयाच्या नावाने निघणारी पदे कुठेही थोडीच असतात, आणि कायद्याच्या एखाद्या मूलभूत शाखेत ज्याचा पाया पक्का आहे त्याचाच तिथे निभाव लागतो. माझा सल्ला असा, की ती शाखा मालमत्ता कायदा असावी. हा सल्ला केवळ नोकरीच्या सोयीसाठी दिलेला नाही. जवळजवळ प्रत्येक विधिव्यवस्थेत प्राणी आजही कोणाच्या तरी मालकीची वस्तू असतो, किंवा अजून कोणाच्याही मालकीची न झालेली वस्तू असतो. त्यामुळे त्याला मिळणारे संरक्षण कुठे सुरू होते आणि कुठे थांबते हे बहुतेक वेळा मालकीचे नियमच ठरवतात. ते नियम ज्याला नीट वाचता येत नाहीत, त्याचे प्राणिसंरक्षणाचे अध्यापन कळकळीचे असले तरी कायद्याचे राहत नाही.

भाषेतही याची साक्ष आहे. आपण ‘पशुधन’ म्हणतो तेव्हा पशू आणि धन एकाच शब्दात बांधतो. ‘जंगम’ या शब्दाचा मूळ अर्थ चालणारे, हलणारे असा आहे. खुर्चीला आणि दागिन्याला आपण जंगम मालमत्ता म्हणतो खरे, पण आपल्या पायांनी चालणारी जंगम मालमत्ता म्हणजे प्राणीच. लॅटिनमधील पैशासाठीचा ‘पेकुनिया’ हा शब्दही गुरांसाठीच्या ‘पेकुस’ या शब्दावरून आलेला आहे. पहिल्या तासाला हे सांगितले की विद्यार्थ्यांना पुढची चर्चा परकी वाटत नाही.

पाया घालताना

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात आणि अध्यापनाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ताबा, मालकी, हस्तांतरण, सापडलेल्या वस्तूंचे नियम, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यामुळे येणारी जबाबदारी, ट्रस्ट, वारसा आणि उपद्रव ही प्रकरणे स्वतः शिकवता येतील इतकी आत्मसात करावीत. स्थावर मालमत्तेचे बारकावेही टाळू नयेत, कारण मालमत्ता कायद्याच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग तोच असतो आणि तो कोणी कंटाळून शिकवत असेल तर वर्गाला ते पहिल्याच आठवड्यात कळते.

या काळात करण्याजोगा एक स्वाध्याय मला विशेष उपयोगी वाटतो. विधितत्त्वज्ञ ए. एम. ऑनोरे यांनी १९६१ मध्ये मालकीची फोड करून तिचे ११ घटक मांडले: ताब्याचा हक्क, वापराचा हक्क, व्यवस्थापनाचा हक्क, उत्पन्नाचा हक्क आणि असे पुढचे. एका कागदावर हे घटक उभे लिहावेत आणि शेजारी दोन रकाने करावेत, एक खुर्चीसाठी आणि एक घोड्यासाठी. वापर, विक्री, वारशाने पुढे जाणे इथपर्यंत दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरतात. उत्पन्नाच्या घटकापाशी पहिला फरक दिसतो, कारण खुर्ची भाड्याने देता येते पण तिला पिल्लू होत नाही, आणि जन्मलेले पिल्लू सामान्यतः मादीच्या मालकाचे असते. खरा थबका येतो तो वस्तू नष्ट करण्याच्या मुभेपाशी. खुर्ची मालकाने मोडून जाळली तर कायद्याला सामान्यतः त्याच्याशी कर्तव्य नसते. घोड्याला मालकाने हाल करून मारले तर तो अनेक देशांत गुन्हा ठरतो. एकाच प्रकारच्या मालकीच्या पोटात हा अपवाद कसा आणि कधी शिरला, हाच प्राणिसंरक्षण कायद्याचा इतिहास आहे. हा तक्ता स्वतः भरलेला असला की पुढे वर्गातही तो भरून घेता येतो, आणि एक तास तरी व्याख्यान द्यावे लागत नाही.

रोमन कायदाही चाळावा, निदान गायस या रोमन कायदेपंडिताच्या ग्रंथातील वस्तूंच्या वर्गीकरणापुरता. औपचारिक विधीने हस्तांतरित करायच्या वस्तूंमध्ये इटलीतील जमिनी, गुलाम आणि ओढकामाची, ओझ्याची जनावरे एकत्र मोजलेली आढळतात. हत्ती आणि उंट ओझी वाहत असूनही त्या गटात नाहीत, कारण ते जवळजवळ वन्य पशूंसारखे मानले गेले. वर्गवारी निसर्गातून आयती येत नाही, ती माणसाने आखलेली असते, आणि म्हणून बदलूही शकते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पहिला खटला आणि त्यातले मौन

मालमत्ता कायद्याच्या अमेरिकी वर्गांत अनेकदा सुरुवात एका कोल्ह्यापासून होते. पिअर्सन विरुद्ध पोस्ट हा न्यूयॉर्कमधील १८०५ चा खटला. पोस्ट आपल्या शिकारी कुत्र्यांसह कोणाच्याही वापरात नसलेल्या पडीक जागी कोल्ह्याचा पाठलाग करत होता. शिकार टप्प्यात आलेली असताना पिअर्सनने मध्येच तो कोल्हा मारला आणि उचलून नेला. कोल्हा कोणाचा? बहुमताने असे ठरवले, की नुसत्या पाठलागाने वन्य प्राण्यावर मालकी येत नाही. त्याला प्राणघातक जखम करून किंवा जाळ्यात अडकवून त्याचे नैसर्गिक स्वातंत्र्य संपवलेले असले पाहिजे. न्यायमूर्ती लिव्हिंग्स्टन यांनी वेगळे मत नोंदवले आणि हा प्रश्न शिकाऱ्यांच्या रिवाजावर सोपवावा, असे सुचवले.

हा खटला कोणत्याही देशात शिकवताना त्याला किमान दोन तास द्यावेत. पहिल्या तासात निकालपत्र शब्दशः वाचून घ्यावे, नियम कोणता आणि त्यामागचे कारण कोणते हे वेगळे करून दाखवावे, निश्चित नियम आणि न्याय्य परिणाम यांतली ओढाताण फळ्यावर मांडावी. दुसऱ्या तासात जोडीला किबल विरुद्ध हिकरिंगिल हा इंग्लंडमधील १७०७ चा खटला घ्यावा, ज्यात स्वतःच्या तळ्यावर बदके पकडणाऱ्या माणसाची बदके शेजाऱ्याने बंदुकीचे बार काढून उडवून लावली होती. त्यानंतर १८८१ चा घेन विरुद्ध रिच घ्यावा. त्यात भाल्याने मारलेला देवमासा समुद्रात बुडाला, काही दिवसांनी दूरच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच माणसाला सापडला आणि त्याने तो परस्पर विकला. न्यायालयाने मच्छीमारांचा रिवाज मान्य करून मारणाऱ्याची मालकी उचलून धरली. लिव्हिंग्स्टन यांना १८०५ मध्ये जे साधले नाही ते इथे साधले, हे विद्यार्थ्यांनी स्वतः हेरावे. आपण सांगून टाकू नये.

आता माझे एक ठाम मत. या तिन्ही खटल्यांत प्राणी आहे, पण त्याचे हित कुठेच नाही; वाद दोन माणसांचा आहे. नव्या शिक्षकाला पहिल्याच तासाला हे दाखवून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिल्या तासाला ते सांगितले की वर्गाला वाटते, हा शिक्षक मालमत्तेच्या नावाखाली दुसरेच काही शिकवतो आहे, आणि ताब्याचा नियम बाजूलाच राहतो. नियम पक्का होऊ द्यावा. नवव्या-दहाव्या आठवड्यात मालकीच्या मर्यादा शिकवताना तेच निकालपत्र पुन्हा काढावे आणि फक्त एवढेच विचारावे, की या कागदपत्रांत कोणाविषयी एकही शब्द नाही? वर्ग शांत होतो. त्या शांततेतून निघणारी चर्चा कोणत्याही प्रास्ताविकापेक्षा अधिक शिकवून जाते, हे मी पुनःपुन्हा अनुभवले आहे.

प्राणिसंरक्षणाचा अभ्यासक्रम बांधताना

स्वतंत्र वैकल्पिक विषय बांधायची वेळ आली, की कायद्यांची यादी करून ती क्रमाने शिकवण्याची चूक टाळावी. अभ्यासक्रमाला एकच धागा द्यावा: मालकाच्या हातातून कोणता अधिकार, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी काढून घेतला गेला?

या धाग्याचे पहिले टोक फार लहान शब्दांत सापडते. दुसऱ्याचे जनावर मारणे हा जुन्या कायद्यातही अपराध होता, पण तो जनावराच्या मालकाविरुद्धचा. न्यूयॉर्कच्या १८२९ च्या कायद्यात क्रूरपणे मारहाण करण्याविषयीच्या तरतुदीत जनावर ‘स्वतःचे असो वा दुसऱ्याचे’ अशा आशयाचे शब्द आले आणि स्वतःच्या वस्तूशी कसे वागावे यावर प्रथमच तिथे बंधन पडले. त्याआधी १८२२ मध्ये गॉलवेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश संसदेने गुरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. हे दोन मजकूर शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना प्रत्येक नाम आणि प्रत्येक विशेषण तपासायला लावावे: कोणते प्राणी आत आहेत, कोणते बाहेर, ‘क्रूर’ या शब्दाआधी कोणती अट आहे.

यानंतर युरोपातील दिवाणी संहिता घ्याव्यात. ऑस्ट्रियाने १९८८ मध्ये आणि जर्मनीने १९९० मध्ये ‘प्राणी वस्तू नाहीत’ असे संहितेतच लिहिले. फ्रान्सने २०१५ मध्ये त्यांना संवेदनाक्षम सजीव म्हटले. विद्यार्थी हे वाचून हर्षित होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना पुढचे वाक्य वाचायला सांगावे. जर्मन कलमात पुढे म्हटले आहे, की वेगळी तरतूद नसेल तिथे वस्तूंचेच नियम योग्य त्या फेरफारासह प्राण्यांना लागू होतील; फ्रेंच कलमही त्यांच्या संरक्षणाच्या कायद्यांना बाधा न आणता त्यांना मालमत्तेच्या नियमांखालीच ठेवते. मग पहिल्या वाक्याने बदलले काय? काही बदलले, असे माझे मत आहे, कारण न्यायाधीशाला अर्थ लावताना त्या वाक्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण विद्यार्थ्याने हे माझ्या शब्दावर मानू नये, निकालांतून सिद्ध करावे.

भारतीय कायद्यात हाच पेच फौजदारी प्रक्रियेच्या वाटेने येतो. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याचे तिसरे कलम प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकते, अकरावे कलम क्रूरतेचे प्रकार सांगते, आणि त्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड किमान १० व कमाल ५० रुपये आहे. खटला चालू असेपर्यंत सुटका केलेला प्राणी कोणाकडे ठेवायचा, यासाठी २०१७ मध्ये नियम झाले, आणि त्या नियमांच्या नावातच प्राण्यांना ‘मुद्देमाल’ या अर्थाचा शब्द आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला तोच पुरावा, तोच जप्त माल, आणि दोषसिद्धी होईपर्यंत तो आरोपीचीच मालमत्ता. त्याच्या चाऱ्याचा आणि उपचारांचा खर्च कोणी द्यायचा? दोन वर्षांनी आरोपी सुटला तर प्राणी परत द्यायचा का? मालमत्ता कायदा आणि प्राणिसंरक्षण कायदा यांची गाठ इतकी घट्ट मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे, म्हणून या विषयाला मी संपूर्ण आठवडा देतो.

नुकसानभरपाईचा भाग थोडक्यात घेतला तरी चालेल, पण एक खटला वगळू नये. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्ट्रिकलँड विरुद्ध मेडलेन या खटल्यात, चुकीने मारल्या गेलेल्या कुत्र्याबद्दल भावनिक मूल्याची भरपाई देता येत नाही असे ठरवले. त्याच राज्यात हरवलेल्या कौटुंबिक स्मृतिवस्तूंसाठी मात्र तशी भरपाई पूर्वीच मान्य झालेली होती. विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहायला लावावा. ट्रस्टसाठी १८८९ चा री डीन हा इंग्लिश निकाल पुरेसा आहे, ज्यात घोडे आणि शिकारी कुत्रे यांच्या देखभालीसाठी मृत्युपत्रात ठेवलेली तरतूद वैध ठरली, जरी ती अमलात आणा असे सांगायला न्यायालयात येऊ शकेल असा कोणी लाभधारक नव्हता.

कायदेशीर व्यक्तित्वाचा, म्हणजे प्राण्याला वस्तू न मानता स्वतःचे हक्क असलेली व्यक्ती मानावे का, हा प्रश्न शेवटी घ्यावा, आरंभी नव्हे. अर्जेंटिनातील मेंडोझा येथील न्यायालयाने २०१६ मध्ये सेसिलिया नावाच्या चिंपांझी मादीला मानवेतर कायदेशीर व्यक्ती मानून तिला अभयारण्यात हलवण्याचा आदेश दिला. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये हॅपी या हत्तिणीला तसा दर्जा देण्यास पाच विरुद्ध दोन मतांनी नकार दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाविषयीच्या नागराज प्रकरणात प्राण्यांच्या प्रतिष्ठेची आणि पाच स्वातंत्र्यांची (भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार व भीती यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मुभा) भाषा वापरली. २०२३ मध्ये घटनापीठाने असे खेळ चालू ठेवू देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्ती कायद्यांना मान्यता देताना, संविधानाने प्राण्यांना मूलभूत हक्क दिलेले नाहीत, असे म्हटले. हॅपीच्या निकालातील दोन्ही अल्पमते पूर्ण वाचायला द्यावीत. त्याच आठवड्यात दोन सैद्धांतिक भूमिका समोरासमोर उभ्या कराव्यात: प्राणी मालमत्ता आहे तोवर त्याचे हित मालकाच्या हितापुढे हरतच राहणार, ही गॅरी फ्रान्सिओन यांची भूमिका, आणि मालमत्ता हा दर्जा न मोडता त्यात ‘सजीव मालमत्ता’ असा नवा वर्ग घडवता येईल, ही मिशिगन स्टेट विद्यापीठात दोन्ही विषय शिकवलेल्या डेव्हिड फाव्र यांची भूमिका. त्याच विद्यापीठाचे प्राणी कायद्याचे संकेतस्थळ निकाल आणि कायदे विनामूल्य उपलब्ध करून देते. वाचनसामग्री जमवताना तिथून सुरुवात करावी.

वर्ग सांभाळणे

या विषयाच्या वर्गात काही जण प्राण्यांसाठी प्रत्यक्ष काम करणारे असतात, काहींच्या घरी पशुपालन हेच उपजीविकेचे साधन असते, आणि काहींनी केवळ वेळापत्रकात बसते म्हणून विषय घेतलेला असतो. तिघांनाही आपण इथे पाहुणे नाही असे वाटले पाहिजे. पशुपालकाच्या घरातील विद्यार्थ्याला आजारी जनावर, कर्ज आणि विमा यांचे जे ज्ञान असते ते शिक्षकाकडेही नसते. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यास आपण एक चांगला साक्षीदार गमावतो. क्रूरतेची छायाचित्रे आणि चित्रफिती पूर्वसूचना दिल्याशिवाय दाखवू नयेत. मी तर निकालपत्रातील तथ्यांचे परिच्छेद मोठ्याने वाचण्यापलीकडे जात नाही, कारण ते शब्द पुरेसे असतात. गुलामगिरीशी तुलना हा नाजूक विषय आहे. माणसेही एके काळी कायद्याने मालमत्ता होती, हे ऐतिहासिक सत्य दर्जाच्या चर्चेत यावे लागते, पण ज्या समाजांनी ते भोगले त्यांच्या यातनांचा युक्तिवादातील हत्यार म्हणून वापर होत नाही ना, याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

गुण देताना विद्यार्थ्याची भूमिका नव्हे, तर्क तपासावा, आणि ते त्याला दिसेल अशी परीक्षा घ्यावी. म्हणूनच प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा ठेवावा, ज्यात विद्यार्थ्याला स्वतःला न पटणाऱ्या पक्षकाराची बाजू मांडावी लागेल.

लेखन, नियुक्ती आणि पुढची वर्षे

संशोधनासाठी ‘प्राण्यांचे हक्क’ एवढा विस्तीर्ण विषय घेऊ नये. लहान कोपरा घ्यावा आणि तो तळापर्यंत खणावा. भटकलेला प्राणी निवाऱ्यात आणल्यावर मूळ मालकाची मालकी किती दिवसांनी संपते आणि कोणत्या नियमाने? जप्त प्राण्यांच्या देखभालीचा खर्च वसूल करण्याची व्यवस्था कोणत्या देशात कशी आहे? भाडेकरारातील प्राणीबंदीची अट कुठवर टिकते? घटस्फोटात प्राण्याचा ताबा ठरवताना न्यायालयाने त्याचे हित पाहावे असे अलास्काने २०१७ पासून, कॅलिफोर्नियाने २०१९ पासून आणि स्पेनने २०२२ पासून कायद्यानेच सांगितले आहे. त्याआधी १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या एका न्यायालयाने कुत्र्याला भेटण्याचा हक्क देण्यास ठाम नकार दिला होता. या बदलाचा नीट तौलनिक अभ्यास एका प्रबंधाला पुरतो. असे विषय मालमत्ता कायद्याच्या परीक्षकालाही आपले वाटतात, आणि दोन शाखांत लिहिणाऱ्यावर होणारा ‘नेमके तुमचे क्षेत्र कोणते’ हा आक्षेप आपोआप बोथट होतो.

चळवळ आणि विद्वत्ता यांचा संबंध आधीच ठरवून घ्यावा. संस्थांना सल्ला देणे, मसुदे लिहिणे, विधी साहाय्य केंद्रातून विद्यार्थ्यांसह प्रत्यक्ष प्रकरणे हाताळणे हे सर्व करावे, कारण त्याशिवाय अध्यापन कोरडे होते. मात्र ज्या प्रकरणात आपण सहभागी आहोत त्याविषयी लिहिताना तो सहभाग पहिल्याच तळटीपेत नोंदवावा. पशुवैद्य आणि प्राणिवर्तनाचे अभ्यासक यांच्याशी कायमचा संवाद ठेवावा. वेदना किंवा ताण सिद्ध कसा करायचा, हे त्यांच्याशिवाय सांगता येत नाही, आणि न्यायालयात बाजू बहुधा तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

नवा वैकल्पिक विषय मंजूर करून घ्यायचा असेल, तर प्रस्तावात कळकळीची वाक्ये कमीत कमी असावीत. विद्यार्थ्यांनी आधी घेतलेल्या कोणत्या विषयांची या विषयात उजळणी होते, कोणती कौशल्ये वाढतात, कोणते सहकारी एखादे व्याख्यान देऊ शकतील आणि ग्रंथालयावर किती भार पडेल, एवढे स्पष्ट लिहावे. पहिला प्रस्ताव फेटाळला गेला तर पुढच्या वर्षी मालमत्ता कायद्यातच तीन आठवड्यांचे एकक म्हणून तो मांडावा. अशा एककातून पुढे पूर्ण विषय उभा करणे सोपे जाते.

नियुक्तीच्या वेळी नमुना व्याख्यान मागितले गेले, तर सापडलेल्या वस्तूचा नियम निवडावा. १७२२ च्या आर्मोरी विरुद्ध डेलामिरी या निकालापासून सुरुवात करावी: धुराडी साफ करणाऱ्या मुलाला दागिना सापडला आणि खऱ्या मालकाखेरीज इतर सर्वांविरुद्ध त्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. मग व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा मॉर्गन विरुद्ध क्रूपा समोर ठेवावा. हरवलेला कुत्रा सापडलेल्या स्त्रीने त्याच्या मालकाचा शोध घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, वर्षाहून अधिक काळ त्याला सांभाळले, आणि मूळ मालकाने तो परत नेल्यावरही न्यायालयाने कुत्रा तिलाच दिला. दागिन्याच्या बाबतीत असा निकाल लागला असता का, हा प्रश्न विचारून थांबावे आणि निवड समितीतील सदस्यांनाच उत्तर देऊ द्यावे.